दोन जिवांच्या बाईचे मन

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आपल्याकडे गर्भार बाईला 'दोन जिवांची' म्हणतात. तिने जड उचलू नये, उपाशी राहू नये, तिन्हीसांजेला एकटीने बाहेर पडू नये, असे घरातली वडीलधारी माणसे सांगत असतात. तिचे डोहाळे पुरवले जातात, ओटी भरली जाते, हिरवी साडी-चोळी येते. सरकारी दवाखान्यात गेली की तिचे वजन करतात, रक्तदाब बघतात, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासतात. हे सारे माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिले जाते. शरीराची एवढी काळजी घेतली जाते ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु या सगळ्या धांदलीत एक प्रश्न बहुधा राहूनच जातो. तो म्हणजे, "बाई ग, तुझे मन कसे आहे?"

प्रस्तुत लेख या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे. मी मानसशास्त्र विषय घेतलेली विद्यार्थिनी आहे. डॉक्टर नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणताही इंग्रजी कागद आला, औषधाची चिठ्ठी आली, की ती माझ्या हातात येते. अशाच एका चिठ्ठीमुळे गेल्या काही महिन्यांत या विषयाशी माझा जवळून संबंध आला. ती चिठ्ठी माझ्या वहिनीची होती. तिच्याविषयी मी इथे जे लिहिले आहे ते तिला वाचून दाखवले आहे. "लिहा ताई. कुणाला तरी उपयोग होईल," असे ती म्हणाली, म्हणूनच ते छापायला दिले.

खिन्नता म्हणजे नुसते रडू नव्हे

आपण सर्वच जण कधी ना कधी उदास होतो. परीक्षेत कमी गुण पडले, घरात भांडण झाले, की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. तो आजार नव्हे. मानसशास्त्रात ज्याला अवसाद किंवा खिन्नता आणि बोलण्यात आपण 'डिप्रेशन' म्हणतो, ते वेगळे असते. दिवसाचा बराच वेळ मन उदास राहणे, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी न वाटणे, ही त्याची मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा, कामात लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, स्वतःला विनाकारण दोष देणे, आणि कधी कधी जगणे नको वाटणे, यांपैकी काही लक्षणे असतात. हे सारे सलग दोन आठवडे किंवा अधिक टिकले आणि रोजचे व्यवहार त्याने अडू लागले, तर त्याकडे आजार म्हणूनच पाहायला हवे.

गर्भारपणात हे ओळखणे अवघड जाते. कारण थकवा, अपुरी झोप, अन्नावरची वासना उडणे, या गोष्टी त्या दिवसांत निरोगी बाईलाही होतात. म्हणून "या दिवसांत असे व्हायचेच" असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळ वर्षे डॉक्टरमंडळींचाही असा समज होता, की गर्भारपण हा आनंदाचा काळ असल्याने बाई त्या काळात खिन्नतेपासून सुरक्षित असते. बाळंतपणानंतरच्या उदासीविषयी तरी बोलले जाई, आधीच्या उदासीविषयी फारसे नाही. आता तसे मानले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगातील सुमारे १० टक्के गर्भवती स्त्रियांना काही ना काही मानसिक आजार होतो आणि त्यात मुख्य वाटा खिन्नतेचा असतो. विकसनशील देशांत हे प्रमाण १५.६ टक्के, तर बाळंतपणानंतर १९.८ टक्के आहे. म्हणजे आपल्यासारख्या देशात दर सहा-सात गर्भवतींमागे एक! आपल्या गल्लीतल्या, भावकीतल्या बायका डोळ्यांपुढे आणा आणि हा हिशेब करून पाहा.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिले, तेव्हा २३ टक्के माता खिन्नतेने ग्रासलेल्या आढळल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या मातांपैकी ७८ टक्के जणींना गर्भारपणातच मानसिक त्रास होता. म्हणजे बाळंतिणीचे दुखणे बाळंतपणात सुरू झालेले नव्हते. ते आधीपासून घरात होते. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याची नाराजी, या गोष्टींशी त्याचा संबंध दिसून आला. यात बायकांच्या नाजूकपणाचा भाग किती आणि आपल्या घरांच्या रीतीभातींचा किती, याचा विचार वाचकांनीच करावा.

खिन्नता ओळखण्यासाठी एक सोपे साधन आहे. एडिंबरा प्रश्नावली म्हणून ते प्रसिद्ध आहे. जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली स्कॉटलंडमध्ये ते तयार केले. मुळात ते बाळंतिणींसाठी होते, पण आता गर्भवतींसाठीही वापरतात. त्यात फक्त दहा प्रश्न आहेत. गेल्या सात दिवसांत हसू आले का, पुढच्या दिवसांची ओढ वाटली का, उगाच स्वतःला दोष दिला का, विनाकारण भीती वाटली का, अशा तऱ्हेचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. थकवा आणि भुकेविषयीचे प्रश्न त्यात मुद्दाम घेतलेले नाहीत, कारण ते या काळात फसवे ठरतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचे उत्तर जराही होकारार्थी आले, तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, लगेच लक्ष द्यावे लागते. अर्थात, ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. तो कशाचा आहे हे डॉक्टरच सांगतात. तसेच हे.

वहिनीचे गुरुवार

माझी वहिनी बावीस वर्षांची आहे. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. पुढे लग्न झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ गेला. या खेपेला दिवस राहिले तेव्हा घरात आनंद झाला, पण चौथ्या महिन्यापासून वहिनी बदलत गेली. केसाला तेल नाही, टीव्हीपुढे बसणे नाही, कुणाशी बोलणे नाही. आमटीत दोनदा मीठ पडे. रात्री तीन-तीनदा उठून ती बॅटरी घेऊन मोरीत जाई. आपल्याला रक्त तर जात नाही ना, हे बघायला. शेजारच्या बायका म्हणाल्या, नजर लागली. आईने अंगारा लावला, देवीची ओटी बोलली. तपासणीच्या वेळी एका सिस्टरला सांगितले, तर त्या म्हणाल्या, "अहो, पोटुशीपणात असं होतंच. चांगलं खा, चांगले विचार करा." चांगले विचार करता आले असते, तर बिचारीने केले नसते का?

खरी विचारपूस केली ती आमच्या आशाताईंनी. कार्ड भरून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "तुला रात्री काय वाटतं ग?" वहिनी अर्धा तास रडली. मग आशाताईंनीच जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा रस्ता दाखवला. तेथील डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, कारण रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा दोष यांमुळेही अशीच मरगळ येऊ शकते. नंतर त्यांनी तेथील मानसशास्त्रज्ञ मॅडमांकडे पाठवण्याची चिठ्ठी दिली. तेव्हापासून दर गुरुवारी मी आणि वहिनी एस.टी.ने जिल्ह्याला जातो. २०२३ सालापासून बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून तेही जमते. नाहीतर नुसत्या बोलण्यासाठी एवढे भाडे कोण खर्च करणार, असे आमच्याकडे म्हटलेच गेले असते.

'नुसते बोलणे'! मानसोपचाराविषयीचा सगळा गैरसमज या दोन शब्दांत आहे. तेव्हा हे बोलणे नेमके काय असते, ते पाहू.

विचारांची वही

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एरन बेक (१९२१–२०२१) हे मुळात फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेले. १९६० नंतरच्या दशकात खिन्न रुग्णांना तपासताना त्यांच्या असे लक्षात आले, की या लोकांच्या मनात काही विचार आपोआप आणि इतक्या वेगाने येऊन जातात, की विचार आला हे त्यांना कळतही नाही. फक्त त्याचे दुःख मागे उरते. हे विचार तीन गोष्टींबद्दल असतात. मी वाईट, जग वाईट आणि पुढेही सारे वाईटच. हे विचार पकडावेत, त्यांची उलटतपासणी घ्यावी आणि त्यानुसार वागणे बदलून पाहावे, या कल्पनेतून जी उपचारपद्धती उभी राहिली तिला बोधनिक वर्तनोपचार म्हणतात. १९७९ साली बेक आणि सहकाऱ्यांनी खिन्नतेवरील या उपचाराचे पुस्तकच लिहिले.

मॅडमांनी वहिनीला दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि पानावर चार रकाने आखून दिले. काय घडले, मनात काय आले, काय वाटले, आणि दुसरे काय म्हणता येईल. पहिल्या आठवड्यातली एक नोंद अशी होती. घडले : आत्याबाई सकाळपासून बोलल्या नाहीत. मनात आले : मी त्यांना नकोशी झाले आहे. वाटले : छातीवर धोंडा ठेवल्यासारखे. चौथा रकाना कोराच होता. मॅडमांनी तो भरून दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आत्याबाई त्या दिवशी आणखी कुणाशी बोलल्या?" वहिनीने आठवून पाहिले. आईचे गुडघे सुजले होते आणि ती दिवसभर कुणाशीच बोलली नव्हती. वहिनीने चौथ्या रकान्यात लिहिले : गुडघे दुखत असतील.

इतकेच! वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण यात एक मोठी गोष्ट आहे. मॅडमांनी "तू चुकीचा विचार करतेस" असे म्हटले नाही आणि "चांगला विचार कर" असेही म्हटले नाही. विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, तो तपासून घेता येतो, एवढेच त्यांनी शिकवले. उपदेश आणि उपचार यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

याच वहीत तिसऱ्या गुरुवारी खरा काटा सापडला. वहिनीने लिहिले होते, "मी पाण्याचा हंडा उचलला म्हणून माझे पहिले बाळ गेले." वर्षभर हे वाक्य ती मनात घेऊन स्वयंपाक करत होती, भांडी घासत होती. मॅडमांनी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवून हाच प्रश्न विचारायला लावला. त्यांनी समजावून सांगितले, की पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो त्याचे सर्वांत मोठे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. घरचे साधे काम केल्याने गर्भ पडत नाही. वहिनीने ते वहीत दोनदा लिहून काढले.

या पद्धतीचा दुसरा भाग वागण्याचा. खिन्न माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. गोष्टी सोडल्या की आनंदाचे क्षण कमी होतात आणि आनंद कमी झाला की तो आणखी सोडतो. पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतर हे दुष्टचक्र दाखवून दिले. ते तोडायचे तर मन लागण्याची वाट बघायची नाही. आधी हात-पाय हलवायचे, मन मागून येते. म्हणून वहिनीला "आवडेल तेव्हा कर" असे नव्हे, तर "ठरलेल्या वेळी कर" असे सांगितले गेले. सकाळी दहा मिनिटे उन्हात बसून केस विंचरणे, संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येणे आणि दुपारी काहीतरी वाचणे. वाचायला तिने माझे मराठीचे पाठ्यपुस्तक मागून घेतले.

नात्यांवरचा उपचार

दुसरी एक पद्धती आहे, तिला आंतरव्यक्ती उपचार म्हणता येईल. जेरल्ड क्लरमन आणि मर्ना वाइसमन यांनी ती १९७० च्या सुमारास अमेरिकेत विकसित केली. बेक यांच्या पद्धतीत भर विचारांवर, तर हिच्यात नात्यांवर. खिन्नतेच्या मुळाशी चार प्रकारच्या अडचणी असू शकतात असे ही पद्धती मानते. कुणाच्या तरी जाण्याचे दुःख, जवळच्या माणसाशी बेबनाव, आयुष्यातील भूमिका बदलणे आणि एकटेपण. यांपैकी कोणती अडचण मुख्य आहे ते ठरवून ठरावीक बैठकांत तिच्यावर काम केले जाते. गर्भवतींसाठी ही पद्धती विशेष लागू पडते, आणि ते साहजिकच आहे. मुलगी सून होते, सून आई होते. एकेक भूमिका बदलत असताना तिला "तुझे काय सुटले?" असे कोणी विचारत नाही. मी रोज सकाळी सातच्या गाडीला निघते तेव्हा वहिनी दारात उभी असते. बारावीचे गुणपत्रक तिने अजून ट्रंकेत जपून ठेवले आहे. हे मी मॅडमांना सांगितले नव्हते, वहिनीनेच सांगितले.

पाचव्या बैठकीला मॅडमांनी दादाला आणि आईला बोलावून घेतले. दादा गवंडीकामाचा एक दिवस बुडवून आला आणि पूर्ण वेळ टोपी हातात फिरवत बसला. हंड्याची गोष्ट निघाली. वहिनीच्या मनात ते वाक्य कुठून आले असावे, यावर खोलीत कोणी बोलेना. मग आईच म्हणाली, "म्याच बोलले हुते तसं, त्या टायमाला. राग न्हवता, मला भ्या वाटलं हुतं." थोडा वेळ थांबून ती पुढे म्हणाली, "माझं बी एक ग्येलंय. थोरल्याच्या आधी. कुणी इचारलं न्हाई मला." दादाला आणि मला हे तेव्हाच प्रथम कळले. वहिनीने तिच्या हातावर हात ठेवला. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. न बोलणे हाही त्यांच्या शास्त्राचा भाग असावा.

डॉक्टर नसलेल्या गावात

इथे कोणीही विचारील, की जिल्ह्याला मॅडम आहेत म्हणून ठीक; पण वाडीवस्तीवरच्या बायकांनी काय करावे? मानसशास्त्रज्ञ आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणारा मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या पाकिस्तानात झाला, याचे आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

डॉ. अतीफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रावळपिंडी भागातील खेड्यांत एक कार्यक्रम राबवला. त्याच्या नावाचा अर्थ 'निरोगी विचार' असा होतो. तेथे आपल्या आशाताईंसारख्या 'लेडी हेल्थ वर्कर' घरोघर जातात. माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेल्या या बायकांना मानसोपचाराचा काहीही अनुभव नव्हता. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि नंतर एक दिवसाची उजळणी देण्यात आली. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक अशा चार भेटी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन आणि पुढे दरमहा एक अशा नऊ, एकूण सोळा. या भेटींत त्या बोधनिक वर्तनोपचाराचीच तत्त्वे वापरीत, पण चित्रांच्या साहाय्याने आणि साध्या बोलीत. 'तुला वेड लागले आहे, त्यावर उपचार' असे त्याला रूप दिले नव्हते. आईचे स्वास्थ्य, आई आणि बाळाचे नाते, आणि आईचे भोवतालच्या माणसांशी नाते, या तीन गोष्टींवर बोलणे होई. बाळाच्या भल्यासाठी म्हटल्यावर सासवाही दार उघडत.

४० भागांतील ९०३ खिन्न मातांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा नुसत्या साध्या भेटी मिळालेल्या मातांपैकी ५३ टक्के अजून खिन्न होत्या. हा उपचार मिळालेल्यांपैकी फक्त २३ टक्के. बाळांच्या वजन-उंचीत फारसा फरक पडला नाही, पण त्यांना जुलाब कमी झाले, त्यांचे लसीकरण अधिक झाले आणि आई-वडील त्यांच्याशी अधिक खेळू लागले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कार्यक्रमाची पुस्तिका सर्व देशांसाठी प्रसिद्ध केली.

त्याच्याही पुढचे पाऊल गोव्यात पडले. तेथे 'संगत' या संस्थेने आरोग्यसेविकांऐवजी त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना तयार केले. त्यांना नाव दिले 'सखी'. सखीने काय करायचे? आपुलकीने ऐकायचे, चित्रांवरून विचार उलगडायला मदत करायची, हाता-पायांना काम द्यायचे, अडचणी एकेक करून सोडवायच्या आणि घरच्यांना सोबत घ्यायचे. २८० गर्भवती स्त्रियांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पाकिस्तानातील पहिल्या प्रयोगाइतका मोठा फरक येथे दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पाहता, सखी मिळालेल्या गटात बऱ्या झालेल्या बायकांचे प्रमाण अधिक होते. पदवी नसलेली, पण शिकवून तयार केलेली आणि देखरेखीखाली काम करणारी बाई दुसऱ्या बाईला सावरू शकते, हे यातून दिसते. माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीला याचा केवढा धीर वाटतो म्हणून सांगू!

औषधांविषयी दोन शब्द

बोलण्याच्या उपचाराचे गुण गाताना औषधांना नावे ठेवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. खिन्नता सौम्य किंवा मध्यम असेल तर मानसोपचार आधी करून पाहतात. गर्भाला औषधाची भीती नको म्हणून बायकांनाही तो बरा वाटतो. परंतु आजार तीव्र असेल, जगणे नको वाटत असेल, पूर्वी असा तीव्र आजार होऊन गेला असेल, तर औषधे लागतात, आणि गर्भारपणातही डॉक्टर विचारपूर्वक ती देतात. आधीपासून चालू असलेली गोळी दिवस राहिले म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे. उपचार न केलेली खिन्नता हीसुद्धा गर्भाला निरुपद्रवी नसते. वेळेआधी प्रसूती आणि बाळाचे वजन कमी भरणे यांच्याशी तिचा संबंध आढळलेला आहे.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. नवरा मारहाण करत असेल, घरात खायला नसेल, तर चार रकान्यांची वही पुरी पडत नाही. अशा वेळी विचार चुकीचा नसतो. परिस्थितीच वाईट असते. तेथे कायद्याची, पोलिसांची आणि नातेवाइकांची मदत लागते. चांगला मानसोपचारक हा फरक ओळखतो. दुःख सगळे मनातच असते असे म्हणणे म्हणजे बाईवर आणखी एक दोष लादणे होय.

आपण काय करू शकतो?

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुढच्या दोन-चार वर्षांत कोणी ना कोणी दोन जिवांची असेल. बहीण, वहिनी, मामी, आणि आपल्यातल्या काही जणी स्वतःही. आपण डॉक्टर नाही, पण तीन गोष्टी आपल्याला करता येतील. पहिली, विचारणे. "काय झालंय तुला?" असे खेकसून नव्हे, तर आशाताईंनी विचारले तसे, पेन खाली ठेवून. दुसरी, "चांगले विचार कर", "दुसऱ्यांकडे बघ, त्यांना किती दुःख आहे" असली वाक्ये न बोलणे. तिसरी, वाट दाखवणे आणि सोबत जाणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळण्याचा प्रत्येकाला हक्क दिला आहे. सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतूनही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी करत असेल, तर मात्र वेळ न दवडता, तिला एकटी न सोडता दवाखान्यात न्यावे.

मुलग्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते, की हा 'बायकांचा विषय' म्हणून पान उलटू नका. आमचा दादा चौथी शिकलेला आहे. आता तो संध्याकाळी वहिनीबरोबर देवळापर्यंत चालत जातो. गल्लीतले दोघे-तिघे हसले. तो म्हणाला, "डॉक्टरांनी लिहून दिलंय." कोणी लिहून दिले नव्हते, पण ते खरेच औषध होते.

वहिनीला आता आठवा महिना आहे. ती पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. अजून एखाद्या रात्री बॅटरी पेटते. पण पहिल्यासारखी तीन-तीनदा नाही, आणि सकाळी ती नोंद वहीत असते. चौथा रकाना आता ती स्वतः भरते. बाळंतपण झाल्यावरही काही महिने या भेटी चालू ठेवायच्या, असे मॅडमांनी सांगितले आहे, कारण धोक्याचा काळ बाळ झाल्यावर संपत नाही. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची चौकशी मी करून ठेवली आहे. फॉर्म कधी भरायचा ते वहिनी ठरवील.

माता व बाल संरक्षण कार्डावर रक्तदाबाची जागा आहे, हिमोग्लोबिनची आहे. त्यांच्याच शेजारी मनासाठीही एक रकाना असावा आणि तो प्रत्येक तपासणीत भरला जावा, अशी माझी साधी मागणी आहे. तो छापला जाईल तेव्हा जाईल. तोवर तो प्रश्न आपण तोंडी विचारायला काय हरकत आहे?